संगणकातल्या बासरीत फुंकर कशी आणावी?

प्रश्न : सॉफ्टवेअरमधली बासरी कीबोर्डवर वाजवली की पेटीसारखी सपाट वाटते. काय बदलू?

उत्तर : पेटीला बिचारीला निदान भाता असतो! तुमच्याकडे पट्टी किती जोरात दाबली, एवढ्यावरच आवाज ठरतोय. बासरीत सूर लागल्यावरही श्वास चालू असतो. म्हणून चढउतार मिडीच्या सीसी ११ म्हणजे एक्स्प्रेशन कंट्रोलवर द्या आणि त्याला जोडलेला स्लायडर वाजवतानाच डाव्या हाताने हलवा. लांब षड्ज ४० वर धरा, ९० पर्यंत फुगवा, सोडताना उतरवा. दर वेळी कमाल १२७ कशाला?

लेगाटोसाठी पहिली पट्टी सुटण्याआधी दुसरी दाबा, नाहीतर प्रत्येक सुराला नवी फुंकर ऐकू येते. पिच बेंड बहुधा दोनच अर्धस्वरांचा असतो. सा ते शुद्ध ग मींड घ्यायची तर चारवर न्या. कंपन मात्र सूर स्थिरावल्यावरच.