मोबाईलच्या आतला कारभारी

यवतमाळच्या बाजारात कापूस विकला, की पैसे जमा झाल्याचा निरोप मोबाईलवर येतो. बँकेचा हिशेब त्यातच, लेकराबाळांचे फोटोही त्यातच. या सगळ्याची राखण कोण करतो, ते आज पाहू.

मोबाईलच्या आत एक कारभारी असतो. तो माणूस नव्हे. हुकमांची भली मोठी यादी आहे. तिला कर्नल म्हणतात. पलटणीतला कर्नल तो वेगळा! मोठ्या वाड्यात सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या कारभाऱ्याच्या कमरेला असतात. कोणाला काही हवे, तर त्याच्याकडेच मागावे लागते. इथेही तसेच. एकाची खोली तो दुसऱ्याला उघडू देत नाही. पण कारभारीच फसला, तर कुलपे काय कामाची?

अँड्रॉइड मोबाईलमधल्या कारभाऱ्याचे नाव लिनक्स. फिनलंड देशातल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली तो लिहायला घेतला. पुढे हजारो लोकांनी त्यात भर घातली. माणसांनी लिहिलेले, तेव्हा चुका राहिल्याच.

अशी एक चूक २००७ पासून २०१६ पर्यंत त्यात होती. ती समजायला तलाठ्याचे दप्तर डोळ्यांपुढे आणा. सातबाऱ्याची नक्कल आपल्याला मिळते. नकलेवर काहीही खरडा. मूळ कागदाला हात लावता येत नाही. कारभाऱ्याचाही हाच नियम. पण दोन हुकूम एकदम, घाईघाईने, पुन्हा पुन्हा दिले, की तो गोंधळे आणि नक्कल समजून मूळ कागदावरच लिहू देई! मग लबाडाला काय हवे?

दुरुस्ती थोड्याच ओळींची होती. ती टोरवाल्ड्स यांनी स्वतः केली. २००५ मध्येही त्यांनी ती करून पाहिली होती. पण एका जातीच्या मोठ्या यंत्रांवर अडचण आली, म्हणून मागे घ्यावी लागली.

दुरुस्ती झाली, तरी ती आपल्या यंत्रात यायला हवी. पुष्कळ संगणकांत विंडोज नावाचा दुसरा कारभारी असतो. त्यातले एक भोक मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ मार्च २०१७ ला बुजवले आणि ती दुरुस्ती लोकांना दिली. कित्येकांनी ती घेतलीच नाही. २७ जून २०१७ ला त्या भोकातून, आणि चोरलेल्या परवलीच्या शब्दांच्या जोरावरही, एक घातकी प्रोग्राम देशोदेशी पसरला. मुंबईजवळच्या न्हावा-शेवा बंदरात मर्स्क कंपनीच्या धक्क्याचे काम बंद पडले. जगभरचे आपले ४५,००० संगणक कंपनीला दहा दिवसांत नव्याने उभे करावे लागले.

मोबाईलवर ‘अपडेट’ असा शब्द येतो, तो ह्याच डागडुजीसाठी. आपण ‘नंतर पाहू’ म्हणून तो सारून देतो. तसे करू नका. बॅटरी भरून घ्या, सेटिंगमध्ये जा आणि तिथूनच अपडेट घ्या. अनोळखी माणसाने ‘इथे दाबा, अपडेट होईल’ असे लिहून पाठवले, तर बोट लावू नका. काही वर्षांनी कंपनी जुन्या मोबाईलला दुरुस्ती पाठवणे थांबवते. असा मोबाईल बोलण्यापुरता ठेवावा. बँकेचे काम त्यावर करू नये.