पेत्राचे पाय

संत योहानाच्या शुभवर्तमानातील १३ वा अध्याय आपण दर पवित्र गुरुवारी ऐकतो. पाहुण्यांचे पाय धुणे हे त्या काळी नोकराचे काम. प्रभू येशू कमरेला रुमाल बांधून ते करू लागतो, तेव्हा पेत्र साफ नकार देतो. वरवर ही नम्रताच वाटते. पण गुरूने कसे वागावे हे शिष्याने ठरवायचे, हा सूक्ष्म गर्व त्यात दडलेला आहे. म्हणूनच प्रभू त्याला बजावतो की, पाय धुऊ दिले नाहीत तर त्याला आपल्याबरोबर वाटा नाही.

सेवा करणे आपल्याला जमते. सणाच्या तयारीत आपण पुढे असतो (फोटोतही!). पण आजारपणात शेजारणीने आणलेली पेज घेताना किंवा मुलाच्या फीसाठी संत व्हिन्सेंट डी पॉल संस्थेची मदत स्वीकारताना जीव नको होतो. देण्यापेक्षा घेण्यालाच अधिक नम्रता लागते.

२८ मार्च २०१३ रोजी, पवित्र गुरुवारी, दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी रोममधील कासाल देल मार्मो बालसुधारगृहात १२ मुलामुलींचे पाय धुतले. पोप गुडघे टेकून वाकले, ह्याची जगभर बातमी झाली. त्या मुलांनी आपले पाय पुढे केले, ह्याची फारशी कोणी दखल घेतली नाही.