बाळाचा क्लबफूट आणि मिरचीचा हंगाम : काय करावे, काय टाळावे

धानाची मळणी आटोपली की चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या कितीतरी गावांतली घरे कुलपात जातात. माणसे मिरची तोडायला तेलंगणात, खम्मम-वरंगळकडे निघतात आणि लहान लेकरे कडेवर असतातच. त्यातल्या एखाद्या लेकराचा पाय जन्मतः आत वळलेला असतो. जन्मणाऱ्या दर हजार बाळांमागे साधारण एकाला हा क्लबफूट असतो. मुलग्यांत मुलींच्या दुप्पट, आणि निम्म्या बाळांत दोन्ही पायांना.

यावर खात्रीचा उपचार आहे. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठातले डॉ. इग्नासिओ पोन्सेटी यांनी बसवलेली पद्धत आज जगभर वापरली जाते : दर आठवड्याला प्लास्टर, मग टाचेमागे एक छोटा छेद, मग चार-पाच वर्षे ब्रेस, म्हणजे आडव्या पट्टीला जोडलेले बूट. सरकारी दवाखान्यात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून (आरबीएसके) हा उपचार मोफत मिळतो. पाय दवाखान्यात सरळ होतो. तो सरळ ठेवण्याचे काम मात्र घरी, शेतावर आणि परमुलखातल्या मुक्कामावर करावे लागते. ही यादी त्या कामासाठी आहे.

१. जन्मानंतरचे पहिले दिवस

काय करावे

• बाळाचे दोन्ही पाय उघडे करून नीट पाहा. पाऊल आत वळलेले, टाच वर ओढलेली आणि हाताने हलकेच सरळ करायला गेल्यास परत तसेच होत असेल, तर लगेच दाखवा. बाळंतपणासाठी माहेरघरात मुक्काम असेल, तर तिथून निघण्याआधीच दाखवा.

• आशाताई घरी आल्या की पाय दाखवायला विसरू नका. नवजात बाळाला घरी जाऊन तपासायची ही रीत गडचिरोलीतच, ‘सर्च’ संस्थेच्या कामातून उभी राहिली. १९९९ साली तिचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये आले आणि पुढे ती देशभर आशांच्या कामाचा भाग झाली. दवाखान्यात बाळंतपण झाले तरी तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत त्यांच्या सहा भेटी ठरलेल्या असतात.

• प्राथमिक आरोग्य केंद्रात ‘आरबीएसके’च्या डॉक्टरांबद्दल विचारा. क्लबफूट त्यांच्या जन्मजात दोषांच्या यादीत आहे. पुढे जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयात पाठवणे हे त्यांचे काम आहे. भामरागडच्या बाजूला असाल, तर हेमलकशाच्या लोकबिरादरी दवाखान्यातही आधी दाखवता येईल.

• बाळाची पाठ आणि कंबरेचे सांधेही त्याच वेळी तपासून घ्या.

काय टाळावे

• आईला दोष देऊ नका. ग्रहणात तिने विळी धरली, काही कापले, म्हणून पाय वळला, हे खरे नाही. बाळाचे पाऊल पोटातच तसे घडते. त्यात आईच्या हातून काही चुकलेले नसते.

• मालिश करून, चिंधी बांधून पाय सरळ करू पाहू नका. अंगाला तेल लावा, पण पाऊल ओढू नका, पिळू नका.

• ‘चालायला लागला की आपोआप सरळ होईल’ म्हणून थांबू नका. क्लबफूट आपोआप सरळ होत नाही. पहिल्या काही आठवड्यांत उपचार सुरू झाला तर सगळ्यात सोपा जातो.

• पुजाऱ्याकडे जायचे असेल तर जा, पण त्यासाठी दवाखान्याची तारीख चुकवू नका.

• लेकरू दोन-तीन वर्षांचे झाले, आता उशीर झाला, असे समजून घरी बसू नका. मोठ्या मुलांचेही पाय प्लास्टरने सुधारतात. वेळ थोडा जास्त लागतो.

२. प्लास्टरचे आठवडे

काय करावे

• साधारण पाच ते सात प्लास्टर लागतील, असे धरून चाला. दर आठवड्याला पाऊल थोडेथोडे वळवून प्लास्टर बदलतात. ते मांडीच्या मुळापर्यंत आणि गुडघा वाकवूनच घालतात. लहान प्लास्टर घसरते आणि आठवड्याची मेहनत वाया जाते.

• रोज सकाळ-संध्याकाळ बोटे पाहा. ती गुलाबी आणि कोमट असावीत. नख दाबून सोडले की पांढरेपणा जाऊन लाली लगेच परत यायला हवी.

• बोटे आत जाऊन दिसेनाशी झाली, तर प्लास्टर घसरले आहे. पुढच्या तारखेची वाट न बघता दवाखान्यात जा.

• ओले प्लास्टर एक-दोन दिवस नीट वाळू द्या. पायाखाली मऊ घडी ठेवा, टाच अधांतरी राहू द्या.

• लंगोट वारंवार बदला. प्लास्टरची वरची कड लंगोटाच्या बाहेर राहील असे बांधा.

• लसीकरण चालू ठेवा. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांची लस मांडीत देतात आणि मांडी तर प्लास्टरखाली असते. म्हणून एका पायाला प्लास्टर असेल तर दुसऱ्या मांडीत, आणि दोन्ही पायांना असेल तर प्लास्टर बदलायच्या दिवशी लस द्यायची व्यवस्था नर्सताईंना विचारून करा.

• ताप आला तर रक्त तपासून घ्या. आपल्याकडे मलेरिया आहे. ‘प्लास्टरमुळे अंग गरम आहे’ म्हणून ताप अंगावर काढू नका.

काय टाळावे

• आदल्या रात्रीच प्लास्टर भिजवून काढू नका. बस पहाटेची असली तरी ते दवाखान्यात पोचल्यावरच काढायचे. मोकळा पाय काही तासांतच परत वळू लागतो.

• प्लास्टर चुलीजवळ धरून वाळवू नका; आतली कातडी भाजते.

• आत खाज सुटली म्हणून काडी घालू नका, पावडर टाकू नका.

• पावसाळा संपल्यावर बघू, असे म्हणू नका. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो हे खरे आहे. म्हणूनच पावसात प्लास्टर चालू असेल, तर तेवढे आठवडे दवाखान्याजवळच्या नातेवाइकाकडे राहायची सोय बघा. प्लास्टर उलगडायचे कसे, तेही आधीच शिकून घ्या. बोटे निळी किंवा गार पडली आणि रस्ता बंद असला, तर कोमट पाण्यात भिजवून ते उलगडून टाका, आणि रस्ता खुला होताच दवाखाना गाठा.

३. टाचेमागचा छेद

काय करावे

• बहुतेक बाळांना हा छेद लागतो. टाचेमागची आखडलेली शीर जागा बधिर करून कापतात. काही मिनिटांचे काम असते. शीर पुन्हा जुळते आणि तीही हव्या त्या लांबीला. त्यानंतरचे प्लास्टर तीन आठवडे ठेवायचे असते.

• घरात सिकलसेल असेल, तर डॉक्टरांना छेदाआधीच सांगा आणि कार्ड सोबत न्या.

काय टाळावे

• ‘ऑपरेशन’ शब्द ऐकून परत फिरू नका. ज्या बाळाला हा छेद लागतो, त्याची टाच त्यावाचून खाली येत नाही.

• टाचेपाशी रक्ताचा छोटा डाग दिसला तर घाबरू नका. तो पसरत गेला, तर मात्र लगेच दाखवा.

४. बुटांची चार वर्षे

काय करावे

• पहिले तीन महिने दिवसरात्र बूट घालायचे. दिवसातून फक्त तासभर, अंघोळीपुरते काढायचे. नंतर रात्री आणि दुपारच्या झोपेत, वयाच्या चार-पाच वर्षांपर्यंत.

• आधी टाच बुटात पूर्ण खाली बसवा, मग मधला पट्टा घट्ट करा, मग बाकीचे. बरोबर बसलेल्या भोकावर पेनाने खूण करा, म्हणजे आजीला किंवा मोठ्या बहिणीलाही तितकेच घट्ट बांधता येईल.

• आत सुती मोजे घाला. चंद्रपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. घामाने ओले झालेले मोजे लगेच बदला.

• पहिले दोन-तीन दिवस बाळ रडेल, कारण त्याला एकेक पाय वेगळा हलवता येत नाही. पट्टी धरून दोन्ही पाय एकदम दुमडा आणि लांब करा, हसत-खेळत. बाळ लवकर शिकते.

• बूट हा झोपेचा नेम करून टाका : बूट, मच्छरदाणी, अंगाई. तीन महिन्यांनंतर बूट नसताना लेकराला मनसोक्त खेळू द्या, उकिडवे बसू द्या.

• बोटे बुटाच्या पुढच्या कडेबाहेर येऊ लागली की मोठे बूट मागा.

काय टाळावे

• ‘पाय तर सरळ दिसतो’ म्हणून बूट सोडू नका. पोन्सेटी पद्धतीची मार्गदर्शिका सांगते की नीट बूट घालणाऱ्या घरांत पाय पुन्हा वळण्याचे प्रमाण सुमारे ६ टक्के, तर सोडून देणाऱ्यांत ८० टक्क्यांहून जास्त आहे. या सबंध यादीतली एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली, तर ही ठेवा.

• एकच पाय वाकडा होता म्हणून एकच बूट घालू नका. पट्टी दोन्ही पायांना लागते, तेव्हाच पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेले राहते.

• लाल डागावर तेल किंवा मलम चोळू नका. कातडी मऊ पडून फोड येतो. फोड आला तर बूट नीट बसत नाही असे समजा आणि दाखवून घ्या.

• रडला म्हणून बूट काढून देऊ नका. दोनदा काढलेत की रडल्यावर बूट निघतात हे त्याला कळते. रडण्याचे कारण शोधा : मोजा दुमडला, पट्टा रुतला, लंगोट ओला झाला.

• मंडईच्या दिवसांत नाटक बघायला जाल, लेकरू मांडीवर झोपेल. ती रात्रही बुटांशिवाय जाऊ देऊ नका.

५. मिरची तोडायला जाताना

काय करावे

• ठेकेदाराकडून उचल घेण्याआधी दवाखान्यात तारीख विचारा. प्लास्टरचे आठवडे आणि बुटांचे पहिले तीन महिने शक्यतो गावीच काढा. आईबाप दोघांनाही जावे लागणार असेल, तर कोण कधी जाईल ते घरात बसून ठरवा.

• निघण्यापूर्वी डॉक्टरांना सांगा : इतके महिने बाहेर आहोत. बुटांचे माप तपासून घ्या. लवकरच लहान होणार असतील, तर पुढच्या मापाचे मागा. जादा मोजे आणि पट्टे सोबत ठेवा.

• उपचाराच्या कार्डाचा आणि पायांचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. दवाखान्याचा नंबर कागदावरही लिहून घ्या.

• आरबीएसके देशभर आहे, म्हणजे तेलंगणातही. अडचण आली तर जवळच्या सरकारी दवाखान्यात कार्ड दाखवा. वरंगळचे एमजीएम हे त्या भागातले मोठे सरकारी रुग्णालय आहे. टोळीत सिरोंचाकडचे कोणी असेल, तर त्यांना तेलुगू येत असते. त्यांना सोबत न्या.

• मिरची तोडून आलात की हात साबणाने नीट धुवा, कपडे बदला, मगच बाळाला घ्या आणि बूट-मोजे हाताळा. मोज्यात गेलेला तिखटपणा कोवळ्या कातडीवर रात्रभर जळतो.

• बापाने रात्रीचे बूट बांधायचे काम स्वतःकडे घ्यावे. दिवसभर शेतात वाकून आलेल्या आईवर सगळे टाकू नये.

काय टाळावे

• बूट घरी ठेवून जाऊ नका. ‘तीनच महिने तर आहेत’ हा हिशेब महाग पडतो.

• वाळलेल्या मिरचीच्या ढिगाजवळ, धुळीत बाळाला झोपवू नका.

• तुटलेल्या पट्टीला तारेने बांधून चालवू नका; कोन बदलतो आणि बूट असून नसल्यासारखे होतात.

• मोहाच्या आणि तेंदूपत्त्याच्या दिवसांतही हाच नेम. पहाटे जंगलात जाताना झोपलेल्या बाळाचे बूट काढून ठेवू नका.

६. गाव, शेजारी आणि पाय पुन्हा वळला तर

काय करावे

• पायांना पट्टी का आहे ते शेजाऱ्यांना, अंगणवाडीताईंना समजावून सांगा. गोंडी किंवा माडियात सांगितले तर आजी-आजोबांना पटकन पटते.

• लेकरू चालू लागल्यावर बघत राहा : टाच टेकते का, पाऊल आत वळते का, उकिडवे बसता येते का. काही बदल दिसला तर लवकर दाखवा. पुन्हा एक-दोन प्लास्टरने काम भागण्याची शक्यता असते.

• पाच वर्षांखालील मुलाला एसटीत तिकीट नाही आणि मार्च २०२३ पासून महिलांना अर्धेच तिकीट आहे. भाडे अडचणीचे असेल तर आशाताईंशी बोला, पण फेरी चुकवू नका.

काय टाळावे

• मुलाला ‘लंगडा’ म्हणून हाक मारू नका, कोणाला मारू देऊ नका. नीट उपचार झालेली मुले धावतात, झाडावर चढतात, शाळेत खेळतात.

• बूट सुटले, पाय वळला, आता डॉक्टर रागावतील, या भीतीने दूर राहू नका. परत जाणे हाही उपचाराचाच भाग आहे.

• आणि दवाखान्यातल्या सगळ्यांसाठी एक : तारीख चुकवून चार महिन्यांनी आलेल्या आईला रागावू नका. ती मजुरी बुडवून, बाळाला कडेवर घेऊन, भामरागडहून आली असेल तर पावणेदोनशे किलोमीटर कापून आलेली असते. तिला बसवा, पाय तपासा, पुढची तारीख तिच्या कामाच्या महिन्यांशी जुळवून द्या. तशी तारीख मिळाली, तर ती पुढच्या वेळी नक्की येईल.