रुजू न झालेल्या रकमेविषयी

चि. बाळ यास,

तुझे पत्र पोचले. कॅलगरीतील तुझ्या कॅमेऱ्यांच्या दुकानात यापुढे बिटकॉइनही स्वीकारावे असा तुझा मानस आहे, आणि पडद्यावर रक्कम उमटल्यानंतरही गिऱ्हाइकास ताटकळत ठेवणे तुला शिष्टाचारास सोडून वाटते. तुझी ही भीड मी समजू शकतो. परंतु ज्याचे सारे आयुष्य बँकेच्या दप्तरात गेले, त्या तुझ्या मामाला हातात आलेला धनादेश आणि वटलेला धनादेश यांतील अंतर विसरता येत नाही.

पडद्यावर उमटते ती रक्कम नव्हे, रक्कम दिल्याची सहीनिशी केलेली घोषणा होय. ती जगभरच्या संगणकांत पसरते, तिष्ठत राहते, आणि एखाद्या माइनरने, म्हणजे व्यवहारांचे सामाईक दप्तर लिहिणाऱ्याने, आपल्या ब्लॉकमध्ये, म्हणजे त्या दप्तराच्या नव्या पानात, घेतली म्हणजेच रुजू होते. ब्लॉक सरासरीने दहा मिनिटांनी निघतो. पण सरासरीच ती, कधी दोन मिनिटे लागतात तर कधी पाऊण तास. या अवधीत गिऱ्हाइकाने तेच नाणे अधिक शुल्क देऊन स्वतःच्याच दुसऱ्या पत्त्यावर वळविले, तर शुल्क कमावू पाहणारा माइनर दोहोंपैकी कोणती घोषणा उचलील हे सांगावयास ज्योतिषी नको. यात कोणाचे कुलूप फुटत नाही की कोणाची सही बनावट ठरत नाही. तुझा कॅमेरा मात्र जातो.

पूर्वी बहुतेक संगणक प्रथम ऐकलेली घोषणा धरून ठेवीत व तिच्याशी विसंगत अशी नंतरची नाकारीत. या चलनाचा जनक, जो सातोशी नाकामोतो या नावाने लिहीत असे, त्यानेही २०१० साली किरकोळ विक्रीपुरते काही सेकंद कानोसा घेणे पुरेल असा अभिप्राय दिला होता. पण तो शिरस्ता होता, कायदा नव्हता. २०१२ मध्ये संशोधकांनी तो चुकविता येतो हे प्रयोगाने दाखविले. २०१६ पासून ‘बिटकॉइन कोअर’ ही प्रमुख प्रणाली, देणाऱ्याने तशी खूण ठेवली असल्यास, वाढीव शुल्काची नवी घोषणा जुनीच्या जागी घेऊ लागली, आणि २०२४ च्या अठ्ठाविसाव्या आवृत्तीपासून त्या खुणेचीही गरज उरली नाही. कमी शुल्कामुळे अडकून पडलेल्या प्रामाणिक माणसाला ही सोय न्याय्यच म्हटली पाहिजे. केवळ जुन्या शिरस्त्यावर भिस्त ठेवणारा दुकानदार तिच्यामुळे उघडा पडला, एवढेच.

तुझ्याच शहराचा दाखला देतो. सप्टेंबर २०१८ मध्ये काही इसमांनी कॅनडातील सात शहरांत बिटकॉइनच्या रोकड यंत्रांतून नोटा काढल्या आणि व्यवहार रुजू होण्याआधीच ते फिरविले. कॅलगरी पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे अशा ११२ व्यवहारांत सुमारे १,९५,००० कॅनेडियन डॉलर गेले, आणि त्यांतील निम्मे व्यवहार कॅलगरीतलेच. यंत्राला गिऱ्हाइकाची भीड नसते, तरी ते फसले. कारण रुजुवातीची वाट न पाहता रोकड सोडण्याची मुभा त्याला कोणीतरी देऊन ठेवली होती.

तेव्हा माझी तजवीज अशी. समोरच्याचा चेहरा पाहू नकोस, माल गेल्यास तोटा सोसण्याजोगा आहे की नाही ते पाहा. फिल्मची गुंडाळी किंवा पट्टा यांसाठी थांबण्यात अर्थ नाही. तेथे जाईल ते दुकानखर्चात धरावे, किंवा लायटनिंग या बिटकॉइनच्याच झटपट देण्याघेण्याच्या जाळ्यातून पैसे घ्यावेत, त्यात ब्लॉकची वाटच पाहावी लागत नाही. कॅमेरा मात्र एक तरी पुष्टी, म्हणजे व्यवहार ब्लॉकमध्ये रुजू, झाल्यावाचून काउंटरपलीकडे जाऊ देऊ नकोस. फारच मोठी रक्कम असेल तर सहा पुष्ट्यांचा, म्हणजे रुजू झाल्याचा धरून सहा ब्लॉकांचा व साधारण तासाभराचा, रूढ संकेत पाळ आणि माल दुसऱ्या दिवशी घरपोच कर. नाकामोतोच्या २००८ च्या निबंधातील गणिताप्रमाणे, एकूण संगणनशक्तीचा दहावा हिस्सा हाती असलेल्या लबाडालाही पाच ब्लॉकांनंतर व्यवहार उलटविण्यात यश मिळण्याचा संभव हजारात एकाहून कमी उरतो. एवढी सुरक्षितता तुझ्या दुकानास पुष्कळ झाली.

डॉलरमध्ये रक्कम चुकती करणारा मध्यस्थ नेमणार असशील, तर रुजू न झालेला व्यवहार फिरल्यास तोटा कोणाच्या माथी, हे करारनाम्यात कोणत्या कलमाने ठरले आहे ते पाहा. सही करण्यापूर्वी त्या कलमाची नक्कल मला पाठव. चि. सौ. सूनबाईंस आशीर्वाद.

तुझा,
मामा