‘उंबरठा’ : दोन निर्गमनांचा अन्वयार्थ

दाम्पत्यसंघर्षावरील कलाकृतीची वर्गातील चर्चा बहुधा ‘दोष कोणाचा?’ या प्रश्नापाशी थांबते. जब्बार पटेल दिग्दर्शित ‘उंबरठा’ (१९८२) या चित्रपटाच्या आस्वादात हा प्रश्न अपुरा पडतो. शांता निसळ यांच्या ‘बेघर’ या कादंबरीवर आधारलेल्या या चित्रपटाची पटकथा विजय तेंडुलकरांची आहे. ‘बेघर’ हे शीर्षक अवस्थेचे निदर्शक आहे, तर ‘उंबरठा’ हे सीमारेषेचे. या शीर्षकबदलातच चित्रपटाचे आशयसूत्र सूचित झाले आहे.

सुलभा महाजन (स्मिता पाटील) ही सीमारेषा दोनदा ओलांडते. प्रथम ती पती व मुलगी यांना मागे ठेवून दूरच्या महिलाश्रमात अधीक्षक म्हणून जाते. घरात नाराजी असली, तरी परतीची वाट मोकळी असते. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. सासूबाई स्वतः समाजकार्यात रमलेल्या आहेत. या घराला समाजकार्य अमान्य नाही. घराची घडी मोडणारे समाजकार्य तेवढे अमान्य आहे.

आश्रमात सुलभेला घराचेच दुसरे रूप भेटते. निराश्रितांना आधार देणारी ही संस्था त्यांना कोंडूनही ठेवते, आणि व्यवस्थापनाला शिस्तीपेक्षा सोय प्रिय असते. तेथील संघर्षानंतर राजीनामा देऊन ती परतते, तेव्हा मुलगी जावेच्या मायेत रुळलेली असते आणि पतीच्या जीवनात दुसरी स्त्री आलेली असते. वकील सुभाष (गिरीश कर्नाड) खलपुरुष नाही. तो सुसंस्कृत व संयत आहे. त्यामुळेच संघर्षाची धार वाढते, कारण सुलभेला व्यक्तीशी नव्हे, तर त्या सौजन्यामागील गृहीतांशी झगडावे लागते.

परभणी जिल्ह्यातील अभ्यासकास येथे गंगाखेडच्या जनाबाईचे स्मरण व्हावे. ती गृहिणी नव्हे, दासी. तरीही तिच्या अभंगांत विठ्ठल दळणकांडणात वाटेकरी होतो. सुलभेने निवडलेल्या कामाला मात्र घरात वाटेकरी मिळत नाही.

म्हणून दुसरे निर्गमन अटळ ठरते. इब्सेनच्या ‘अ डॉल्स हाउस’ (१८७९) या नाटकात नोराच्या जाण्याने नाट्य संपते. सुलभा मात्र एकदा जाऊन, परत येऊन, सारे पाहून पुन्हा जाते. तिचे जाणे हा संतापाचा उद्रेक नसून अनुभवान्ती केलेला निर्णय आहे. या वेळी तिला कोणाची अनुमती नाही आणि परतीचे आश्वासनही नाही. अखेरच्या रेल्वेप्रवासाचा अर्थ या संदर्भातच लावावा लागतो.

‘सुलभेने मुलीला सोडले, हे योग्य काय?’ असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. तो टाळू नये. मात्र त्याच्या शेजारी दुसरा प्रश्न मांडावा : मुलीसाठी सुभाषने काय सोडले? हा प्रश्न आपल्याला आधी का सुचला नाही, याचा शोध घेऊ लागताच आस्वादाचे रूपांतर आत्मपरीक्षणात होते.