आयत्या वेळी सुचणं शिकवता येतं का? : अल्लारखाँचा तबला आणि अमेरिकेतलं रॉक



'तुमच्या शब्दांत लिहा' असा प्रश्न आला की वर्गातल्या बऱ्याच वह्यांत एकच उत्तर सापडतं. गाईडमधलं! मग कुणी म्हणतं, पाठांतर बंद करा, मुलांना मोकळं सोडा. पण नुसतं मोकळं सोडल्याने सुचतं का हो? आज याचं उत्तर संगीतात शोधू. गोष्ट अमेरिकेतली आहे, पण तिचा एक धागा आपल्या मुंबईत आहे.

तीन मिनिटांचं गाणं तेवीस मिनिटांचं

१९६५ नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेत, विशेषतः सॅन फ्रान्सिस्कोत, सायकेडेलिक रॉक नावाचा प्रकार गाजला. ग्रेटफुल डेड हा त्यातला नावाजलेला बँड. त्यांचं 'डार्क स्टार' हे गाणं १९६८ मध्ये तबकडीवर आलं, तेव्हा ते तीन मिनिटांचंही नव्हतं. पुढच्याच वर्षी, २७ फेब्रुवारी १९६९ च्या कार्यक्रमात तेच गाणं तेवीस मिनिटं चाललं! वाढलेला भाग कुणी लिहून दिलेला नव्हता. तो वादकांनी रंगमंचावर, एकमेकांचं ऐकत तयार केला.

यालाच आपण 'उपज' म्हणतो. आपल्याला ती नवी नाही. भारुड करणारा कलाकार नाथांचे शब्द तेच ठेवतो, पण मधलं निरूपण समोरचं गाव बघून करतो. तमाशातली बतावणीही अशीच रंगते.

मुंबईचे गुरुजी

१८ जून १९६७ रोजी कॅलिफोर्नियातल्या माँटेरे पॉप महोत्सवात पंडित रविशंकर सतार वाजवायला बसले. तबल्याला होते उस्ताद अल्लारखाँ. हे मूळचे जम्मूकडचे, पण मुंबईत स्थायिक झालेले. समोर रॉक ऐकायला आलेली तरुण मंडळी होती. त्यांनी राग भीमपलासी ऐकला, एकतालातला तबला ऐकला आणि शेवटी उभं राहून टाळ्यांचा गजर केला.

त्याच वर्षी ग्रेटफुल डेडचा ड्रमवादक मिकी हार्ट अल्लारखाँना भेटला आणि त्यांच्याकडून तालाचं गणित शिकला. अकरा मात्रांचं 'द इलेव्हन' हे गाणं हा बँड त्याच सुमारास वाजवू लागला. म्हणजे ज्यांना जग 'मोकाट वाजवणारे' समजत होतं, ते रंगमंचामागे मात्रा मोजत होते!

अल्लारखाँचे चिरंजीव झाकीर हुसेन माहीमला वाढले. वडील पहाटे तीनला उठवून बोल म्हणून घ्यायचे, असं त्यांनी अनेकदा सांगितलं आहे. पुढे हेच झाकीर हुसेन आणि मिकी हार्ट यांच्या 'प्लॅनेट ड्रम'ला १९९२ मध्ये ग्रॅमी मिळालं. रंगमंचावर क्षणात सुचणारा बोल वर्षानुवर्षांच्या पहाटेतून आलेला असतो.

एक शंका

त्या काळातलं हे संगीत आणि नशा यांचं नाव जोडून घेतलं जातं, ते खरंही आहे. पण रविशंकरांनी नशा करून संगीत ऐकण्याला जाहीर विरोध केला होता. माँटेरेला त्याच रात्री जिमी हेंड्रिक्सने स्वतःची गिटार पेटवली, तेही त्यांना रुचलं नाही. आपली मुलं दसऱ्याला पाटीपुस्तक पुजतात, त्यांना यामागचं कारण लगेच कळेल.

वर्गात करून बघा

उपक्रम १ : तिहाई. फळ्यावर १ ते १६ आकडे लिहा. हा झाला त्रिताल. सोळानंतर पुन्हा १ येतो, ती सम. आता मुलांनी पहिल्या मात्रेपासून पाच टाळ्या वाजवायच्या, एक मात्रा गप्प, पुन्हा पाच, एक गप्प, पुन्हा पाच. शेवटची टाळी बरोबर समेवर पडते. का? ५ + १ + ५ + १ + ५ = १७, म्हणजे पुढच्या फेरीतली पहिली मात्रा. मग विचारा, 'तीन-तीन टाळ्या घेतल्या तर मध्ये किती मात्रा गप्प बसायचं?' (उत्तर : चार.) मुलं नवी तिहाई स्वतः शोधतात.

उपक्रम २ : शेवट ठरलेला निबंध. सगळ्यांना शेवटचं वाक्य सारखंच द्या : 'आणि त्या दिवशी नळाला पाणी आलं.' आपल्या संभाजीनगरच्या मुलांना यावर सुचणार नाही असं होणारच नाही! हे वाक्य म्हणजे सम. तिथे कसं पोचायचं, ते ज्याचं त्याने ठरवायचं. त्याआधी आठवडाभर पाण्याशी संबंधित वीस शब्द आणि पाच म्हणी मात्र पाठ करून घ्या.

शेवटी इतकंच

पालकहो, पाढे, कविता, म्हणी पाठ करून घ्यायला घाबरू नका. तो रियाज आहे. चूक पाठांतरात नाही, तिथेच थांबण्यात आहे. गाईडमधलं उत्तर मुलाच्या हातात तयार तुकडा देतं, पण तो फिरवून बघायला वेळ देत नाही. मूल मोडकंतोडकं का होईना, स्वतःचं वाक्य लिहितं, तेव्हा लाल पेनाआधी एकदा 'वा!' म्हणा. मैफलीत दाद दिल्याशिवाय उपज फुलत नाही, मग वर्गात तरी कशी फुलेल?