संगणकातील दुभाषी : 'वाइन'

केवळ माडिया वा गोंडी जाणणाऱ्या गडचिरोली-चंद्रपूरच्या वनवासी नागरिकास कचेरीत दुभाष्याचे साहाय्य लागते. संगणकातही तसेच आहे. विंडोजसाठी रचलेल्या ब्राउझरची भाषा लिनक्सला कळत नाही. १९९३ मध्ये आरंभ झालेली 'वाइन' ही मुक्त आज्ञावली त्याच्या मागण्या लिनक्सच्या भाषेत उतरविते. अनेक संकेतस्थळे इंटरनेट एक्सप्लोररवाचून नीट उघडत नसत, तेव्हा हा मार्ग उपयोगी पडे.

तथापि, दुभाषी बोलणाऱ्याचे दोष दूर करीत नाही. एक्सप्लोरर २०२२ मध्ये निवृत्त झाला. त्यातून अर्ज वा बँकव्यवहार करणे धोक्याचे होय. फायरफॉक्स, क्रोम यांच्या लिनक्स आवृत्त्या विनामूल्य मिळतात, त्याच वापराव्यात. संकेतस्थळांनीही एकाच ब्राउझरची अट घालू नये, म्हणजे दुभाष्याची गरजच उरणार नाही.